तंटामुक्त गावात संघर्षाचा अभ्यास : तालुक्याच्या वाचनालयातील एका वर्गाविषयी

यवतमाळ जिल्ह्यातील ज्या तालुक्याच्या गावी मी राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तेथील सार्वजनिक वाचनालयाने यंदाच्या उन्हाळ्यात राल्फ डाहरेनडॉर्फ या जर्मन समाजशास्त्रज्ञाचे जीवन आणि त्यांचा संघर्षाचा सिद्धांत या विषयावर एक अभ्यासवर्ग चालवला. स्पर्धा परीक्षांच्या तयारीपलीकडे जाऊन एखादा विचारवंत सविस्तर समजावून देणारी सोय आमच्या भागात क्वचितच मिळते, म्हणून या वर्गाचे परीक्षण लिहावेसे वाटले. माझे मत आधीच सांगते. ज्यांना गावातले राजकारण, सोसायटीची निवडणूक आणि बाजार समितीतला व्यवहार केवळ माणसांच्या चांगुलपणा-वाईटपणाच्या पलीकडे जाऊन समजून घ्यायचा आहे, त्यांनी हा वर्ग जरूर करावा. मात्र त्यात एक मोठी उणीव आहे, आणि ती भरून काढल्याशिवाय विदर्भातल्या माणसासाठी तो पुरा होणार नाही.

वर्ग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी भरत असे. शुल्क २०० रुपये होते आणि त्यात मराठीतले छापील टिपण मिळाले. पंखे पुरेसे होते, बसायला सतरंज्या आणि मागे काही खुर्च्या होत्या, वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर दिवे चालत. वर्ग घेणारे सर महाविद्यालयात अनेक वर्षे समाजशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आहेत, आणि फळ्यावर आकृती काढण्यापूर्वी समोर बसलेल्या माणसाच्या कामाची चौकशी करण्याची त्यांची पद्धत मला फार मोलाची वाटली. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांची तयारी करणारी मुले होती, गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीचे कामकाज पाहणारे एक गटसचिव होते, बाजार समितीतले दोन हमाल होते, एक निवृत्त ग्रामसेवक आणि काही कास्तकार होते. सरांनी या सर्वांची कामे लक्षात ठेवली आणि पुढे सिद्धांतातील प्रत्येक पायरीला त्यांच्यापैकी कुणाचा ना कुणाचा अनुभव साक्षीला बोलावला.

सुरुवात चरित्राने झाली. चरित्राचा भाग अनेक ठिकाणी जन्म-मृत्यूच्या तारखा सांगून उरकला जातो, येथे तसे झाले नाही. डाहरेनडॉर्फ यांचा जन्म १ मे १९२९ रोजी हँबुर्ग येथे झाला. वडील गुस्ताव डाहरेनडॉर्फ हे सामाजिक लोकशाही पक्षाचे नेते आणि जर्मन संसदेचे सदस्य होते. हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांना अटक झाली, आणि १९४४ च्या जुलैमध्ये हिटलरच्या हत्येचा कट फसल्यानंतर ते पुन्हा पकडले जाऊन त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी शाळकरी राल्फलाही नाझीविरोधी मजकूर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटाशी संबंध असल्यावरून पकडण्यात आले आणि ओडर नदीकाठच्या एका छावणीत ठेवण्यात आले. १९४५ च्या जानेवारीअखेर तो सुटला तेव्हा त्याचे वय सोळाही नव्हते. स्वातंत्र्याची आपली ओढ त्या कोठडीतल्या एकांतात रुजली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

या कुटुंबाची कसोटी युद्ध संपल्यावरही संपली नाही, आणि सरांनी याच भागावर सर्वाधिक वेळ दिला, ते योग्यच झाले. सोव्हिएत ताब्यातल्या बर्लिनमध्ये सामाजिक लोकशाही पक्षाचे कम्युनिस्ट पक्षात सक्तीने विलीनीकरण होऊ घातले, तेव्हा गुस्ताव यांनी विरोध केला आणि १९४६ मध्ये ब्रिटिशांच्या मदतीने त्यांना सहकुटुंब हँबुर्गला निघून जावे लागले. तेथे त्यांनी ग्राहक सहकारी चळवळीच्या नेतृत्वात काम केले. म्हणजे ज्या मुलाने पुढे संघर्षाचा सिद्धांत मांडला, त्याने कोवळ्या वयात एकमताची सक्ती करणाऱ्या दोन राजवटी पाहिल्या होत्या. एकीने वंशाच्या नावाने एकमत लादले आणि दुसरीने कामगारांच्या नावाने. दोन्हीकडे वेगळे मत असणे हाच गुन्हा ठरला. समाजात मतभेद उघड असणे हे स्वातंत्र्याचे लक्षण आहे, या त्यांच्या आयुष्यभराच्या भूमिकेचा उगम येथे दिसतो.

पुढचा जीवनक्रम सरांनी भराभर सांगितला. हँबुर्ग विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि अभिजात भाषांचा अभ्यास, १९५२ मध्ये मार्क्सच्या विचारातील न्यायाच्या कल्पनेवर डॉक्टरेट, त्यानंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ब्रिटनमधल्या अकुशल कामगारांवर दुसरी डॉक्टरेट, फ्रँकफर्टच्या प्रसिद्ध संशोधन संस्थेत अल्पकाळ टिकलेली नोकरी, आणि हँबुर्ग, ट्युबिंगन व कॉन्स्टान्झ येथील प्राध्यापकी. १९६९ मध्ये ते मुक्त लोकशाही पक्षातर्फे संसदेत गेले, परराष्ट्र खात्यात संसदीय सचिव झाले, १९७० ते १९७४ युरोपीय आयोगाचे सदस्य होते, १९७४ ते १९८४ लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक आणि १९८७ ते १९९७ ऑक्सफर्डच्या सेंट अँटनीज कॉलेजचे प्रमुख होते. १९८८ मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले, १९९३ मध्ये ते ब्रिटनच्या उमराव सभेत गेले आणि १७ जून २००९ रोजी कोलोन येथे त्यांचे निधन झाले. जर्मनीत खासदार आणि ब्रिटनमध्ये लॉर्ड, असा प्रवास करणारा दुसरा समाजशास्त्रज्ञ सहसा सापडणार नाही. त्यांच्या राजकीय आयुष्यातला एक प्रसंग मात्र वर्गातल्या तरुण मुलांना विशेष भावला. १९६८ च्या जानेवारीत फ्रायबुर्ग येथे त्यांच्या पक्षाचे अधिवेशन चालू असताना बाहेर विद्यार्थ्यांचा जमाव जमला, तेव्हा डाहरेनडॉर्फ सभागृहाबाहेर आले आणि विद्यार्थी नेता रुडी डुच्के याच्याबरोबर एका गाडीच्या टपावर बसून त्यांनी सर्वांसमक्ष वाद घातला. संघर्षाला सामोरे जाण्याची शिकवण देणाऱ्या माणसाने स्वतः ती पाळली, याचा हा पुरावा आहे.

सिद्धांताचा भाग हा या वर्गाचा प्राण होता. १९५७ मध्ये जर्मनमध्ये आणि १९५९ मध्ये सुधारित स्वरूपात इंग्रजीत आलेल्या त्यांच्या औद्योगिक समाजातील वर्ग आणि वर्गसंघर्षावरील ग्रंथाचा गाभा एका प्रश्नात सांगता येतो : कारखान्याचा मालक एक आणि तो चालवणारा दुसरा झाला, तर संघर्ष कुणाकुणात होईल? मार्क्सच्या मांडणीत उत्पादनाची साधने ज्याच्या मालकीची, तो एका बाजूला आणि ज्याच्याकडे ती नाहीत, तो दुसऱ्या बाजूला असतो. डाहरेनडॉर्फ यांचे म्हणणे असे की भागधारकांच्या कंपन्या आल्या, पगारी व्यवस्थापक आले, आणि मालकी व हुकमत यांची फारकत झाली. त्यामुळे मालमत्ता हे संघर्षाचे एक विशिष्ट कारण आहे, त्याच्या मुळाशी असलेले व्यापक कारण अधिकार हे आहे. जेथे जेथे माणसे संघटित रीतीने काम करतात, मग तो कारखाना असो, शाळा असो, पक्ष असो की राज्य असो, तेथे काही पदांना आज्ञा देण्याचा अधिकार असतो आणि काही पदांच्या वाट्याला ती पाळणे येते. हा अधिकार माणसाला नसतो, पदाला असतो. पद सोडले की तो जातो आणि पदावर आलेल्या नव्या माणसाकडे येतो. म्हणून माणूस बदलला तरी संघर्ष तसाच राहतो. खासगी मालमत्ता नष्ट केल्याने हा प्रश्न सुटत नाही, हे सांगताना सरांनी पूर्व जर्मनीचे उदाहरण दिले. तेथे कारखाने राज्याच्या मालकीचे झालेले असतानाही १९५३ च्या जूनमध्ये कामाचे प्रमाण वाढवल्याच्या निषेधार्थ बांधकाम मजूर रस्त्यावर उतरले आणि सोव्हिएत रणगाड्यांनी तो उठाव मोडून काढला.

हे सारे दूरदेशीचे वाटू नये म्हणून सरांनी कापूस खरेदी केंद्रावरच्या ग्रेडरकडे लक्ष वेधले, आणि त्या क्षणी वर्गाचा नूर पालटला. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हापासून आमच्या भागातल्या प्रत्येक कास्तकाराला ग्रेडर माहीत आहे. कापूस त्याचा नाही, जिनिंग त्याचे नाही, ज्या पैशाने खरेदी होते तो पैसाही त्याचा नाही. तो पगारी नोकर आहे. पण बोटांच्या चिमटीत सरकी धरून, तंतू ओढून तो जो दर्जा सांगतो, त्यावर रात्रभर गाडी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे वर्षाचे उत्पन्न ठरते. कापसाचा मालक हात बांधून उभा आणि काहीच मालकीचे नसलेला माणूस निर्णय देणारा, हे चित्र मालमत्तेच्या सिद्धांताने उलगडत नाही, अधिकाराच्या सिद्धांताने लगेच उलगडते. त्याच ग्रेडरला वरून साहेबाचा फोन आला की तो आज्ञा पाळणारा होतो, आणि तोच माणूस मुलाच्या शाळेत पालक म्हणून जातो तेव्हा मुख्याध्यापकांपुढे उभा राहतो. एकाच माणसाची जागा निरनिराळ्या संस्थांत निरनिराळी असते, हा डाहरेनडॉर्फ यांचा दुसरा महत्त्वाचा मुद्दा याच उदाहरणातून पुढे आला.

गटसचिवांनी मग आपल्या सोसायटीचे उदाहरण स्वतःहून दिले. विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटीचा प्रत्येक सभासद भागधारक असतो, एका सभासदाला एकच मत असते, आणि कागदोपत्री सारे सभासद मालक असतात. तरीही पीककर्जाच्या यादीत आपले नाव कधी लागेल, ठराव कधी होईल, हे विचारायला मालकच खिशात सातबारा घेऊन कार्यालयाच्या पायरीवर बसतो, आणि संचालक मंडळ आत बसलेले असते. सहकारात मालकी वाटली गेली आहे, अधिकार वाटला गेलेला नाही, असे त्या गृहस्थांनी स्वतःच्या शब्दांत सांगितले. माझ्या मते सबंध वर्गातला हा सर्वांत मोलाचा क्षण होता, कारण ज्याच्या हाती थोडासा अधिकार आहे, त्याने तो अधिकार म्हणून ओळखला.

संघर्ष उघड केव्हा होतो, याची डाहरेनडॉर्फ यांनी केलेली मांडणी टिपणात चांगली आली आहे. आज्ञा पाळणाऱ्या सर्वांचे हित समान असले तरी ते आरंभी सुप्त असते. माणसे एकाच परिस्थितीत असतात, पण आपण एक आहोत याची त्यांना जाणीव नसते. अशा विखुरलेल्या समूहातून हितसंबंधांसाठी झगडणारी संघटना उभी राहायची, तर तीन प्रकारच्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. नेतृत्व आणि विचारांची एक सुस्पष्ट मांडणी लागते. संघटना करण्याची राजकीय मोकळीक लागते. आणि त्या माणसांना एकमेकांना भेटता-बोलता यावे लागते. येथे शेतकरी संघटनेचे उदाहरण येणे अपरिहार्य होते. कास्तकार कर्जात होता, तो आपल्या कर्जाचे कारण नशिबात, पावसात किंवा लग्नाच्या खर्चात शोधत होता. १९८० च्या आगेमागे शरद जोशी यांनी शेतमालाच्या भावाचा एककलमी कार्यक्रम पुढे ठेवला, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा गावोगाव पोचली, आणि नाशिक-पुण्याच्या कांद्याइतकाच विदर्भाचा कापूस त्या आंदोलनाचा विषय झाला. सुप्त हित प्रकट कसे होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण डाहरेनडॉर्फ यांनाही सापडले नसते, असे मला वाटते. पन्नाशीच्या पुढच्या ज्या कास्तकारांनी त्या सभा पाहिल्या आहेत, त्यांना हा भाग शिकवावा लागला नाही, त्यांनीच तो मुलांना सांगितला.

नंतरच्या सत्रांत तंटामुक्तीचा विषय निघाला आणि खरा वाद तेथे झाला. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झाली. गावात तंटामुक्ती समिती असते, दाखल तंट्यांची नोंद होते, सामोपचाराने तडजोड घडवली जाते आणि चांगले काम करणाऱ्या गावाला शासनाकडून पुरस्काराची रक्कम मिळते. निवृत्त ग्रामसेवकांचा प्रश्न सरळ होता : आम्ही गावातले भांडण मिटवायला आयुष्य घालवले आणि तुम्ही संघर्ष असणे चांगले म्हणता, हे कसे? सेवाग्राम आणि पवनार ज्या विदर्भात आहेत, जेथे गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेचा आणि विनोबांच्या भूदानाचा संस्कार दोन-तीन पिढ्यांवर झाला आहे, तेथे हा प्रश्न कुणीतरी विचारणारच.

सरांनी दिलेले उत्तर मला पटले. डाहरेनडॉर्फ यांच्या मते संघर्ष कायमचा मिटवता येत नाही, कारण अधिकाराची विषम वाटणी जोपर्यंत आहे तोपर्यंत त्याचे मूळ शिल्लक असते. तो दडपलाही जाऊ शकत नाही, दडपला तर तो साचून अधिक हिंसक होऊन वर येतो. त्याचे नियमन मात्र होऊ शकते. त्यासाठी दोन्ही बाजूंनी समोरच्याचा संघर्ष रास्त असल्याचे मान्य करावे लागते, दोन्ही बाजू संघटित असाव्या लागतात, आणि वाद कोणत्या नियमांनी चालवायचा हे दोघांनी ठरवून घ्यावे लागते. तंटामुक्ती समितीने बांधाचा किंवा पाण्याचा वाद दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून, लेखी नोंद करून सोडवला, तर ते नियमन झाले. पण पुरस्कार मिळावा म्हणून मजुराला तक्रारच करू दिली नाही आणि गाव तंट्यावाचून आहे असे कागदावर दाखवले, तर ते दडपण झाले. नाव एकच, कृती दोन, आणि फरक ओळखण्याचे साधन या सिद्धांतात आहे. बाजार समितीतल्या हमालांनी याला जोड दिली ती माथाडी कायद्याची. १९६९ च्या या कायद्याने हमाल आणि मालक या दोहोंचे प्रतिनिधी असलेली मंडळे निर्माण केली, मजुरीचे दर आणि भरणा त्यांच्यामार्फत होऊ लागला. हमाल आणि व्यापारी यांचे हित एक झाले नाही, पण त्यांच्या वादाला बसायची जागा मिळाली. डाहरेनडॉर्फ यांनी पश्चिम युरोपातील कामगार संघटना, सामूहिक वाटाघाटी आणि लवाद यांच्या संदर्भात वर्गसंघर्षाला संस्थात्मक रूप आल्याचे जे सांगितले, ते आमच्या बाजार समितीच्या आवारात इतके स्पष्ट दिसते.

एक प्रश्न मात्र वेळेअभावी अर्धवट राहिला, आणि तो राहायला नको होता. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत पाळली, अभ्यासगट चालवले आणि २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. एका मुलीने विचारले की डाहरेनडॉर्फ यांना एकमताचे इतके वावडे आहे, तर या गावाविषयी ते काय म्हणाले असते? माझ्या समजुतीप्रमाणे तेथील सर्वसहमती म्हणजे वाद नसणे नव्हे. एकाही माणसाचा विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलून पुन्हा बोलणे, असा तिचा अर्थ आहे, आणि ज्याचे म्हणणे पटलेले नाही त्याला तेथे किंमत आहे. वरून लादलेल्या एकमताचा अनुभव घेतलेल्या माणसाला हा प्रकार वेगळा आहे हे कळले असते. पुढच्या वेळी यावर स्वतंत्र सत्र ठेवावे.

आता त्या मोठ्या उणिवेविषयी. डाहरेनडॉर्फ यांच्या मांडणीत प्रत्येक संस्थेत दोनच बाजू असतात : अधिकार असलेले आणि नसलेले. एकाच माणसाला सगळ्याच ठिकाणी खालची जागा मिळत असेल, तर हे संघर्ष एकावर एक रचले जातात आणि त्यांची तीव्रता वाढते, असे ते सांगतात. आमच्या गावातल्या सालदाराकडे पाहा. गुढीपाडव्याला त्याचे साल ठरते, वर्षभर तो मालकाच्या हाकेला बांधलेला असतो. जमीन नसल्याने पीककर्ज देणाऱ्या सोसायटीत त्याला जागा नाही, कापूस त्याने वेचला तरी बाजार समितीत त्याच्या नावाची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, फाटत नाही, आणि बहुधा तो जातीनेही खालचा मानला गेलेला असतो. डाहरेनडॉर्फ यांच्या नियमाने पाहता सर्वाधिक तीव्र आणि सर्वाधिक संघटित संघर्ष येथे व्हायला हवा. तसा तो का होत नाही? सालदार आणि त्याच्याच शेजारी एक-दोन एकर कोरडवाहू कसणारा कास्तकार, दोघेही कर्जात असताना, एकाच सभेला का बसत नाहीत?

याचे उत्तर टिपणात कोठेही नाही, आणि ते शोधायला जर्मनीला जावे लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. या व्यवस्थेत समाजाचे दोन तुकडे पडत नाहीत. पायऱ्या असतात, वर जाताना मान वाढतो आणि खाली येताना तिरस्कार वाढतो. अगदी तळचा सोडला तर प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असते. त्यामुळे वरच्याविरुद्ध एकत्र यायचे म्हटले तर प्रत्येकाला खालच्यावरचा आपला थोडासा वरचढपणा सोडावा लागतो, आणि तो सोडायला कुणी तयार होत नाही. समान हित सुप्त का राहते आणि विखुरलेल्या समूहाची संघटना का होत नाही, या डाहरेनडॉर्फ यांनी तीन अटींमध्ये बांधलेल्या प्रश्नाला बाबासाहेबांनी चौथी अट जोडली आहे, असे मी म्हणेन. नेता असला, मोकळीक असली, भेटायला पार असला, तरी पारावर एकत्र बसण्याची मनाई असेल तर उरलेल्या अटींचा उपयोग होत नाही. बाबासाहेबही लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचेच विद्यार्थी होते. तेथेच शोधप्रबंध सादर करून त्यांनी १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली, आणि त्यानंतर अर्धशतकाने डाहरेनडॉर्फ त्या संस्थेचे संचालक झाले. ज्या भूमीत १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखोंनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तेथे चालणाऱ्या संघर्षाच्या वर्गात श्रेणीबद्ध विषमतेला एकही पान नसावे, हे मला मान्य नाही. सरांशी मी याविषयी बोलले. त्यांनी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पाश्चात्त्य सिद्धांतकार एका विषयपत्रिकेत आणि भारतीय विचारवंत दुसऱ्या विषयपत्रिकेत असल्याचे सांगितले. परीक्षेसाठी ती विभागणी असू द्या. वाचनालयाच्या वर्गाला ती पाळण्याचे बंधन नाही, हे तर अशा वर्गाचे मोठेपण आहे.

डाहरेनडॉर्फ यांच्यावरील दुसरा परिचित आक्षेप, म्हणजे अधिकाराची पदे मुळात आली कोठून आणि ती काही विशिष्ट घराण्यांकडेच का राहतात याचा उलगडा ते करत नाहीत, तोही टिपणात एका ओळीत गुंडाळला आहे. लुईस कोझर यांना तर अर्धे पानच मिळाले आहे, आणि १९५६ मध्ये संघर्षाच्या उपकारक कार्यांविषयी लिहिणाऱ्या या विचारवंताची डाहरेनडॉर्फ यांच्याशी तुलना केल्याशिवाय परीक्षार्थींचेही काम भागणार नाही. टिपणाचा टंक बारीक आहे, आकृत्या झेरॉक्समध्ये पुसट झाल्या आहेत. भाषा मात्र चांगली आहे, वाक्ये समजतात, आणि प्रत्येक संकल्पनेला गावातले एक तरी उदाहरण आहे. २०० रुपयांत एवढे मिळणे मी पुरेसे मानते.

शेवटी वेळेविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तो प्रश्न सोयीपुरता नाही. डाहरेनडॉर्फ यांनी १९६५ मध्ये शिक्षण हा नागरिकाचा हक्क आहे अशी भूमिका मांडली, तेव्हा जर्मन विद्यापीठांत कोण पोचत नाही याचा शोध घेतला होता. खेड्यातली मुले, कामगारांची मुले, कॅथलिक कुटुंबांतली मुले आणि मुली, हे चार समूह मागे राहिल्याचे त्यांनी दाखवले. कायद्याने दार उघडे असून भागत नाही, आत येण्याची खरी शक्यता असावी लागते, हे त्यांचे म्हणणे होते. आमच्या वर्गाचे दार सर्वांना उघडे होते. पण वर्ग सुटायच्या आधीच आसपासच्या गावांना जाणारी शेवटची एसटी निघून जात असे, त्यामुळे मोटारसायकल असलेले पुरुष येत आणि गावाकडच्या बाया येत नसत. नाव नोंदवलेल्या आशा सेविका आणि बचत गटातल्या महिला पहिल्या काही सत्रांनंतर दिसल्या नाहीत. वाचनालयाच्या मंडळाने पुढचा वर्ग बाजाराच्या दिवशी सकाळी ठेवावा. त्या दिवशी खेड्यांवरून बाया तालुक्याला येतातच आणि परतीच्या गाड्याही दुपारी मिळतात. सोयाबीन निघून कापसाची वेचणी सुरू होण्याआधी जो थोडा सवडीचा काळ असतो, तो मजूर बायांसाठी नसतो, हेही तारखा ठरवताना ध्यानात घ्यावे. वेचणी संपल्यानंतरचा फाल्गुन त्यांना अधिक सोयीचा पडेल. नोंदणी वाचनालयात प्रत्यक्ष जाऊन करावी लागते, टिपण वेगळे विकत मिळत नाही, आणि सभासद नसलेल्यांनाही प्रवेश आहे.